हरळी, बिबडे आणि १६० वॅट ऊन

अंगणात हरळी लावली त्या दिवशी माय दारात उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही. मी गुडघ्यांवर बसून एकेक कांडं ओल्या मातीत दाबत होतो. शेवटी ती म्हणाली, "तुना आप्पाना जलम गया हरयी खंदामा, नि तू ती लावस?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. काळ्या रानात हरळी शिरली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. वरून दिसतो तो नुसता हिरवा पापुद्रा. खाली मुळ्या हातभर खोल गेलेल्या असतात आणि एक कांडं जरी ढेकळात राहिलं तरी मृगाच्या पावसाला ते पुन्हा डोकं वर काढतं. नांगरट झाली की आप्पा भर वैशाखात कुदळ घेऊन ढेकळं फोडत, मुळ्या वेचत. वैशाखातच का, हे त्यांनी मला लहानपणी सांगितलं होतं: मुळी उघडी पडली की तिला ऊनच मारतं, आपण फक्त तिला उन्हात आणून ठेवायचं. संध्याकाळी बांधावर त्या वाळल्या मुळ्यांचा ढीग जळायचा. त्यांची कुदळ अजून आमच्या पडवीत आहे. दांडा दोनदा बदललाय, पातं झिजून वीतभर राहिलंय.

तरीही मी हरळी लावली, आणि ती मायसाठीच लावली. आमचं घर साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठच्या एका गावाबाहेर, मळ्यात आहे. मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, रोज चालायचं, पण कठीण जमिनीवर नाही. अंगणात आम्ही हौसेनं पेव्हर ब्लॉक बसवले होते. मे महिन्यात दुपारी त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती आणि रात्री दहापर्यंत त्यांतून धग निघायची. शाळेच्या प्रयोगशाळेतला दुरून तापमान मोजायचा तापमापक एकदा घरी आणून धरला. दुपारी दोनला ब्लॉकवर ५८ अंश आणि कडेला कडुलिंबाखाली आपोआप उगवलेल्या हरळीच्या पट्ट्यावर ४० च्या आसपास. ते आकडे पाहिले आणि पुढच्याच आठवड्यात ब्लॉक उखडायला माणूस बोलावला. दोन गुंठ्यांचं अंगण. धुळ्याच्या उन्हात टिकेल आणि थोड्या पाण्यावर जगेल असं गवत एकच, आप्पांचं वैर होतं ते.

हरळी उन्हाळ्यात शहाण्यासारखी राहते. पाऊस पडला की मात्र तिला आवरणं कठीण. आषाढात चार दिवस दुर्लक्ष केलं तर घोट्याच्या वर येते, त्यात लव्हाळा आणि गाजरगवत घुसतं आणि अशा गवतात मायला चालू द्यायचं म्हणजे विंचूकाट्याची भीती. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांचं पेट्रोलचं ग्रास कटर मागून आणलं. त्याचा आवाज आणि तेलमिश्रित पेट्रोलचा धूर एवढा की माय घरात जाऊन दार लावून बसली. ज्याच्यासाठी करायचं तेच माणूस आत कोंडून घ्यायचं, हे काही बरोबर वाटेना. मग पुण्याहून मुलीनं बॅटरीवरचं लॉन मोवर पाठवलं. ढकलायला हलकं, आवाज मिक्सरइतकाही नाही, सोबत दोन बॅटऱ्या.

आता प्रश्न उरला तो चार्जिंगचा. मळ्यातलं घर शेतीच्या लाइनवर. तिथं थ्री फेज आठवड्याच्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि पावसाळ्यात वादळानं एखादा खांब आडवा झाला की वायरमन चिखलातून येईपर्यंत दोन दोन दिवस काही नाही. गवत नेमकं त्याच दिवसांत वाढतं. आमच्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ सालापासून उभा आहे. दरवर्षी मी शाळेची पोरं तिथं दाखवायला नेतो, दूरवर पसरलेल्या त्या निळ्या रांगांपुढं उभं राहून त्यांना सगळं समजावून सांगतो. आणि माझ्या घरी एक बॅटरी भरायला लाइनची वाट बघायची. अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. म्हटलं, हे आपण स्वतःच्या हातानं करायचं.

आधी हिशोब. मोवरच्या बॅटरीवर ४० व्होल्ट लिहिलेलं असतं, पण तो पूर्ण भरल्यावरचा ढोबळ आकडा. आत दहा सेल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी सरासरी ३.६ व्होल्ट, म्हणजे खरं काम ३६ व्होल्टवर. ४ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे १४४ वॅट-तास. दोन मिळून २८८. चार्जरमध्ये थोडं जातं, इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, म्हणून एका कापणीला ३८० धरले. वीज मंडळाच्या भाषेत हे अर्ध्या युनिटलाही कमी. हे वाचणाऱ्याला मी प्रामाणिकपणे सांगतो की पैशाच्या हिशोबानं ही सगळी खटपट कधीच वसूल होत नाही. पावसाळ्यातल्या सोळा-सतरा कापण्यांना मिळून सहा-सात युनिटं लागतात. तेवढ्यासाठी कुणी पॅनेल घेऊ नये. मी घेतलं त्याचं कारण वेळेवर वीज हवी होती, आणि दुसरं एक कारण होतं, ते पुढं येईलच.

गावातला गॅरेजवाला पोरगा हुशार. तो म्हणाला, "सर, इन्व्हर्टर कशाला? पॅनेलचं व्होल्टेज वाढवून सरळ बॅटरीत सोडू." मलाही मोह झाला. पण लिथियमच्या एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नेलं की तो बिघडतो, फुगतो, पेटूही शकतो. दहा सेलचे ४२ व्होल्ट झाले की नेमकं थांबायचं, त्याआधी करंट हळूहळू कमी करत आणायचा, एखादा सेल तापला तर लगेच तोडायचं, हे सगळं कंपनीचा चार्जर करतो. वाटेत दहा-पंधरा टक्के वीज गेली तर जाऊ द्यावी, पण तो चार्जर सोडू नये. म्हणून साखळी अशी ठरली: पॅनेल, तिथून बॅटरीत जाणारी वीज आवरणारा चार्ज कंट्रोलर, तिथून १२ व्होल्टची साठवणीची बॅटरी, मग छोटा इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरच्या प्लगला मोवरचा मूळ चार्जर. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या लाइनसारखी वीज देणारा, घेतला. घरात पडलेला जुना स्क्वेअर वेव्हचा लावून पाहिला होता तर चार्जर भुंग्यासारखा गुणगुणायला लागला आणि दहा मिनिटांत हात ठेववेना इतका तापला.

धुळ्याहून १६० वॅटचं पॅनेल आणलं, मोटरसायकलवर मागं मुलाला आडवं धरायला लावून. वाऱ्यानं दोनदा आम्ही रस्त्याच्या कडेला जाता जाता राहिलो. तसं कुणी आणू नये.

पॅनेल कुठं बसवायचं? आमचं जुनं घर धाब्याचं आहे. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचा थर. नवीन खोल्या पुढं स्लॅबच्या झाल्या, पण मागची धाब्याची खोली आप्पांनी पाडू दिली नाही. धाब्यावर पॅनेलचं ओझं आणि खिळे नकोत, पाऊस आत शिरेल. म्हणून अंगणाच्या दक्षिण कडेला लोखंडी अँगलचा स्टँड केला आणि वायर जमिनीखालून नेली. आता कोनाचा प्रश्न. दुकानदार म्हणाला, आपल्याकडं २१ अंश, कारण आपण २१ अक्षांशावर. वर्षभराचं बघायचं तर ते बरोबर. पण मला वीज हवी होती पावसाळ्यात. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. पुन्हा जुलैच्या मध्याला तसंच होतं. त्या मधल्या दिवसांत तो दुपारी चक्क उत्तरेकडून जातो. शिवाय आभाळ भरलेलं असलं की उजेड एका दिशेनं येतच नाही, सगळ्या आभाळातून झिरपतो. अशा वेळी पॅनेल दक्षिणेकडं मान वाकवून बसलं तर आभाळाचा तुकडाच त्याला कमी दिसतो. म्हणून मी फक्त १० अंश ठेवले, धूळ धुऊन जाण्यापुरते. दुकानदाराला ते पटलं नाही. माझ्या वहीतले दोन पावसाळ्यांचे आकडे मला पटवतात.

पहिल्या दिवशी सगळं जोडलं आणि मन खट्टू झालं. लख्ख ऊन असून कंट्रोलरवर आकडा पुढं सरकेना. पॅनेलपाशी मीटर लावला तर साडेअठरा व्होल्ट, खोलीत सोळा. अडीच व्होल्ट गेले कुठं? चूक माझीच होती. घरात वायरिंगची उरलेली दीड स्क्वेअर एमएमची वायर होती, तीच बारा मीटर ओढली होती. जाणारी-येणारी धरून चोवीस मीटर. त्या बारीक तांब्यातून आठ-साडेआठ अँपिअर जाताना वाटेतच आठवा हिस्सा उष्णता होऊन मातीत मुरत होता.

त्या रात्री मला आजोबा आठवले. पांझरेवर फडबागायत होती तेव्हा ते पाटकरी होते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, आणि सगळ्या गावानं ठरवलेल्या पाळीनं पाणी. पाटकऱ्याचं काम पाणी मोजून सोडायचं, पण त्याहून मोठं काम पाटाच्या काठानं चालत राहायचं. कुठं उंदरानं बीळ केलंय, कुठं काठ खचलाय, कुठं गाळ साचून पाट उथळ झालाय. बंधाऱ्यात कितीही पाणी असो, शेवटच्या वाफ्यात किती पोचलं त्यावर पाटकऱ्याची अब्रू. ते रात्री कंदील घेऊन निघायचे, हातात फावडं. मी शाळेत ओहमचा नियम फळ्यावर लिहितो, पोरं पाठ करतात, मीही इतकी वर्षं पाठच केला होता म्हणायचा. तो मला खरा कळला तो कंदिलाच्या त्या आठवणीतून. दुसऱ्या दिवशी सहा स्क्वेअर एमएमची सोलर वायर आणली. गळती अर्ध्या व्होल्टवर आली. टोकं दाबून, गरम नळी चढवून पक्की केली, बॅटरीच्या बुडाशी फ्यूज लावला, आणि अजूनही महिन्यातून एकदा मी एकेका जोडाला हात लावून बघतो, कुठं ऊब लागते का.

मग उन्हाळा आला आणि त्यानं मला माझ्याच विषयाचा एक धडा दिला. आपण खान्देशातली माणसं समजतो की ऊन तापलं की पॅनेलची चंगळ. फेब्रुवारीत, थंड वाऱ्याच्या दुपारी, माझं पॅनेल १५० वॅटच्या आसपास द्यायचं. मेमध्ये, डांबर वितळतं अशा दुपारी, १३० ला अडायचं. पॅनेलचा आकडा सेलचं तापमान २५ अंश धरून लिहिलेला असतो आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पन्न घटतं. मेमध्ये काळ्या काचेखाली सेल ६५ अंशांवर जातो. म्हणजे चाळीस अंश जास्त, म्हणजे सोळा टक्के घट. त्याला उजेड हवा असतो, ताप नको असतो. माणसाचंही तेच असतं, पण आमच्याकडं हे दोन्ही कायम एकत्रच आले, म्हणून ते वेगळे आहेत हे कधी ध्यानात आलं नाही. सगळ्यात मोठे आकडे मला कधी मिळाले असतील तर भादव्यात. पाऊस नुकताच थांबलेला, पॅनेल ओलं आणि गार, ढग फाटून मधून ऊन पडतं, आणि ढगांच्या पांढऱ्या कडांवरून परतलेला उजेडही वरून येतो. अशा मिनिटभरात मी कंट्रोलरवर १६० च्या वरचा आकडा पाहिलाय. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मायला हाक मारून दाखवला. तिनं चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाली, चांगलं पीक आलं.

त्याच मेमध्ये मोवरची बॅटरी चार्ज होईना. पावसाळ्याआधी भरून बघावं म्हणून पत्र्याच्या पडवीत चार्जरला लावली तर लाल दिवा लुकलुकत राहिला. मला वाटलं, संपली. दोन दिवस हळहळलो. मग बॅटरीला हात लावला आणि समजलं. पत्र्याखाली ती भाजलेल्या वांग्यासारखी गरम झाली होती. ४५ अंशांच्या पुढं लिथियम भरू नये, म्हणून चार्जर तिला नाकारत होता. थंड होईपर्यंत थांब, एवढंच तो सांगत होता. कंट्रोलर, साठवणीची बॅटरी, इन्व्हर्टर, सगळा संसार उचलून मी धाब्याच्या खोलीत नेला. बाहेर ४३ असताना त्या खोलीत ३३-३४. लाल दिव्याचा हिरवा झाला. आप्पांनी ती खोली का पाडू दिली नाही, याची अनेक कारणं त्यांच्याकडं होती. त्यात हे एक वाढलं असतं.

साठवणीसाठी आधी घरातल्या इन्व्हर्टरची जुनी ट्यूब्युलर बॅटरी वापरली होती. शिशाच्या बॅटरीला आमचा उन्हाळा सोसत नाही. दर दहा अंशांच्या वाढीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि डिस्टिल्ड वॉटर तर ती मे महिन्यात तहानलेल्या बैलासारखी पिते. ती गेली. मग लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची घेतली, म्हणजे ६४० वॅट-तास. दाट आभाळाच्या दिवशी पॅनेल जेमतेम शंभर वॅट-तास देतं, उघड्या दिवशी सहाशेच्या वर. आठवड्याला लागतात ३८०. सगळा आठवडा सूर्य दिसला नाही तरी भागतं.

मला सुरुवातीपासून एक गोष्ट छळत होती ती हीच. ऊन असतं तेव्हा गवत नसतं, गवत असतं तेव्हा ऊन नसतं. माझी सगळी मांडणी या उलट्या जोडीवर उभी होती. एकदा चैत्रात संध्याकाळी मी मायजवळ हे बोललो. ती बाजेवर बसून वाळलेले बिबडे डब्यात भरत होती. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, भरडायची, मोठ्या पातेल्यात तीळ, लसूण, मिरची घालून घाटा शिजवायचा, पहाटे ओल्या लुगड्यावर थापायचे आणि दिवसभर कडक उन्हात वाळवायचे. कोणत्या दिवशी थापायचे हे ती आभाळ बघून ठरवते. ढगाळलं तर बिबडे आंबतात. माझं बोलणं ऐकून ती हात न थांबवता म्हणाली, "उन्हायानं ऊन पावसायामा खातस आपन. तुले आते समजनं का?"

डबा माझ्यापुढं होता. बिबडे, कुरडया, सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, हंड्यात मीठ लावलेल्या कैऱ्या. लहानपणी आषाढात झड लागायची, ओली लाकडं पेटायची नाहीत, भाजी मिळायची नाही, आणि ताटात शेंगदाण्याच्या तेलाबरोबर बिबडा यायचा. तो खाताना चैत्राचाच वास यायचा. ते खाऊन मी वाढलो आणि पुढं पोरांना ऊर्जेची साठवण शिकवताना उदाहरण द्यायचो ते धरणाचं, घड्याळाच्या स्प्रिंगचं. आता सातवीच्या वर्गात मी बिबडा घेऊन जातो.

गवताच्या बाहेरचं जे दुसरं कारण म्हटलं ते हे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मोवर पडवीत झाकून असतं, पण पॅनेल काही बसून राहत नाही. मायच्या खोलीत २८ वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा लावलाय. तो त्या बॅटरीवर रात्रभर चालला तरी अडीचशेच्या आतबाहेरच खातो. आप्पा शेवटच्या उन्हाळ्यात आजारी होते तेव्हा रात्री लाइन गेली की आम्ही पाळीनं त्यांना पुठ्ठ्यानं वारा घालायचो. एका रात्री, मे महिन्यातच, ते मला म्हणाले, झोप आता, हात दुखेल. मी म्हटलं, नाही दुखत. दुखत होता. दिवसभर त्याच उन्हात सगळं रान भाजत होतं आणि रात्री त्यातला हातभर वारा आम्हाला देता येत नव्हता. पॅनेल बसवताना हे मी कुणाला सांगितलं नाही. पंखा लावला त्या रात्री मात्र माय बराच वेळ जागी होती, आणि मीही.

आता श्रावणात दर रविवारी सकाळी, दव वाळलं की, मोवर काढतो. ओल्या गवतात ते निम्म्या वेळात बॅटरी संपवतं आणि पात्याखाली लगदा साचतो, म्हणून नऊ वाजेपर्यंत थांबायचं. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. कापलेलं गवत शेजारच्या शेळ्यांना जातं. माय चपला काढून कडेकडेनं दोन फेऱ्या मारते, लिंबाच्या खोडाला हात लावून परत फिरते. हरळीबद्दल ती आता काही बोलत नाही. पण कुंपणाखालून एखादा धुमारा शेताकडं निघालेला दिसला की आप्पांची कुदळ मागते.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी बिबड्यांचा घाट घातला तेव्हा अंगणात पेच पडला. मायची बाज दरवर्षी टाकायची जागा आणि माझ्या पॅनेलची जागा शेजारी शेजारी. सकाळी आठ ते नऊ पॅनेलची सावली बाजेच्या अर्ध्या भागावर. मी म्हटलं, बाज थोडी पुढं घेऊ. तिनं मान हलवली. त्या जागेला वारा कुठून लागतो, लिंबाचा पाला कुठवर उडतो, कुत्रं कुठून येतं, हे सगळं तिचं ठरलेलं. ती म्हणाली, "तुनी ती काच जराशी सरकाड. मना बिबडासवर सावली पडी राहिनी."

गॅरेजवाल्या पोराला बोलावलं. दोघांनी मिळून स्टँडचे बोल्ट काढले, चार फूट बाजूला नवे खड्डे घेतले, वायर उकरून पुन्हा पुरली. तिथं संध्याकाळी लिंबाची सावली लवकर येते. वहीत मी नवीन पान उघडलं, तारीख घातली आणि दिवसाच्या उत्पन्नातून पाऊण तास वजा केला.